देवनागरीचा खर्च कुणी उचलला

१९९० च्या दशकाच्या अखेरीस नाशिकमधल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात गेलात, तर संगणकाच्या मागे, प्रिंटरची वायर जिथे जोडत तिथे, एक छोटी डबी लावलेली दिसायची. तिला दुकानदार ‘लॉक’ म्हणत. ते लॉक काढलं की मराठी टायपिंग बंद. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, दिवाळी अंकाची पानं, सगळं त्या डबीच्या भरवशावर चाले. एका दुकानात टाइप केलेली फ्लॉपी दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथला फॉन्ट वेगळ्या कंपनीचा निघाला, की पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि कंस-उद्गारचिन्हांची रांग उमटे. एका कंपनीने ज्या क्रमांकावर ‘क’ ठेवला, तिथे दुसऱ्या कंपनीने भलतंच अक्षर ठेवलेलं असे. मग सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा टाइप करायचा, आणि मुद्रितशोधकाने तो पुन्हा वाचायचा.

ज्यांनी हे फॉन्ट केले त्यांनी लबाडी केली, असं मुळीच नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट विभागाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम केलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी महाराष्ट्रभर पसरली. बंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडियाची आकृती होती. एक देवनागरी फॉन्ट काढायचा म्हणजे शेकडो जोडाक्षरं, मात्रा आणि रफार यांची जागा एकेक करून बसवायची. त्या मेहनतीचे पैसे मागणं रास्तच होतं. पण त्या पैशाच्या वसुलीसाठी लावलेल्या कुलपात मराठी मजकूरही अडकून पडला. इस्की नावाचं सरकारी प्रमाण १९९१ मध्ये जाहीर झालं होतं, तरी छपाईच्या धंद्यात ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याचे त्याचे क्रमांक, हेच चालू राहिलं.

आज तीच मराठी कुठल्याही मोबाइलवर उमटते. शेतकरी बाजारभावाचा निरोप पाठवतो, शाळकरी मुलगी निबंध शोधते, आणि कुणाला कसलं लॉक लावावं लागत नाही. ही अक्षरं आणि ती जुळवणारं सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी मुक्त आहे: कुणीही वापरावं, उघडून पाहावं, सुधारावं. मात्र ते बनवायला पैसा लागला, आणि तो बहुतांशी कंपन्यांनी दिला. त्या कंपन्यांना हे कसं पटलं आणि कुठे पटवायचं राहून गेलं, याचा इतिहास आपण मराठी माणसांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढची मागणी आपल्यालाच करायची आहे.

सुरुवात युनिकोडपासून. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक द्यायचा, ही तिची कल्पना, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. पण क्रमांक मिळाल्याने अक्षर दिसत नाही. त्यासाठी तशा पद्धतीचा फॉन्ट लागतो, आणि ‘क’, हलन्त, ‘ष’ असे तीन क्रमांक लागोपाठ आले की ‘क्ष’ दाखवायचा, हे जाणणारं सॉफ्टवेअर लागतं. विंडोज २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सोय केली. त्यातला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, पुढे पवईच्या आयआयटीत शिकवणारे, सुलेखनाचा ध्यास घेतलेले हे गृहस्थ. मायक्रोसॉफ्टने पैसे का घातले, हे उघड होतं: भारतात विंडोज विकायची होती. त्यामुळे मंगलही विंडोजपुरताच राहिला.

लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरणाऱ्यांच्या हाती काहीच नव्हतं. इथे मुंबईतल्या दोन ठिकाणांची नोंद केलीच पाहिजे. एक म्हणजे एनसीएसटी ही सरकारी सॉफ्टवेअर संस्था, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे याच र. कृ. जोशींनी रघू नावाचे फॉन्ट केले, आणि ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले झाले. दुसरं ठिकाण व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय. तिथले प्राध्यापक जितेंद्र शाह आणि त्यांच्या इंडिक्ट्रान्स या गटाने गार्गी हा देवनागरी फॉन्ट मुक्त केला आणि लिनक्सचे मेनू, संदेश भारतीय भाषांत आणण्याच्या कामाला हात घातला. ही सगळी मंडळी संस्थेचं काम सांभाळून, विद्यार्थ्यांना हाताशी धरून झटत होती. त्यांच्या हातून पहिलं पाऊल पडलं. पण नोकरी-अभ्यास सांभाळून फावल्या वेळात केलेला फॉन्ट आणि वृत्तपत्राला रोज हजारो शब्द बिनचूक दाखवणारा फॉन्ट यांत अंतर असतं. ते अंतर भरून काढायला पूर्णवेळ माणसं लागतात, आणि पूर्णवेळ माणसांना पगार लागतो.

इथून कंपन्यांना पटवण्याची गोष्ट सुरू होते. ‘आम्हाला फॉन्ट दान करा’ ही मागणी फार दूर जाणार नव्हती. ‘तुमचा धंदा फॉन्ट विकण्यापेक्षा मोठा आहे, आणि या लिपीत सगळं नीट चालल्याशिवाय तो वाढणार नाही,’ हा मुद्दा मात्र बिनतोड होता. २००३ च्या सुमारास सायबरस्केपने आपल्या आकृती परिवारातले अनेक भारतीय लिप्यांचे फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. फॉन्ट हाच ज्या कंपनीचा माल, तिनेच तो मोकळा केला, म्हणून त्या निर्णयाचं मोल मला फार वाटतं.

पण वळण आलं ते २००४ साली, पुण्यात. रेड हॅट ही अमेरिकन कंपनी आपल्या लिनक्सचा कोड खुला ठेवी आणि त्याच्या देखभालीचं वार्षिक शुल्क घेई. भारतात सरकारी खाती, बँका, विमा कंपन्या यांच्याकडे जायचं तर ‘यात आमची भाषा चालते का?’ हा प्रश्न येणारच. मॉड्युलर इन्फोटेकने रेखाटलेली अक्षरं रेड हॅटने जीपीएलखाली खुली केली आणि लोहित नावाचा फॉन्टसमूह जन्माला आला. ज्या पुण्यातून लॉकवाले फॉन्ट महाराष्ट्रभर गेले, त्याच पुण्यातून, त्याच कंपनीच्या हातची अक्षरं घेऊन, मुक्त फॉन्ट बाहेर पडले. २००५ मध्ये आलेल्या रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्तीत हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती आणि तमिळ या भाषा आल्या. मराठीला पुढच्या, २००७ च्या आवृत्तीची वाट पाहावी लागली. लिपी तीच असताना मराठी मागे का राहिली? भाषांची निवड बाजार पाहून होत असावी. ज्या भाषेची मागणी ग्राहकाकडून येई, तिचा क्रम वर जात असावा. मराठी संस्थांनी अशी मागणी जोरात केली असती, तर ती दोन वर्षं वाचली असती, असं माझं मत आहे.

फॉन्टपेक्षाही महत्त्वाची गोष्ट रेड हॅटने पुण्यात केली. तिने भारतीय भाषांसाठी अभियंत्यांचा गट पगारावर ठेवला. लोहितची जबाबदारी पुढे बरीच वर्षं प्रवीण सातपुते यांच्यासारख्या पुण्यातल्या अभियंत्यांनी वाहिली. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या ग्नूनिफाय या मेळाव्यात आणि पुणे लिनक्स युजर्स ग्रुपच्या बैठकांत अशा नोकरदार अभियंत्यांची आणि विद्यार्थ्यांची गाठ पडे. कंपनीचा पगार आणि समाजाचं काम एकाच माणसाच्या दिवसात बसू शकतं, हे तिथल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

पगार नेमका कशाचा, हे जरा जवळून पाहू. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोल जागा. हिंदीत दुसऱ्या शब्दातला तो आडवा, चंद्रकोरीसारखा ‘र’ नाही. मराठीला त्याच्यावाचून चालत नाही: वाऱ्यावर, साऱ्या, पुढाऱ्यांना, नाशिककरांच्या तोंडी असलेल्या गोदावरीच्या पुरातल्या पायऱ्या. युनिकोडमध्ये तो मिळवायला नुक्ता असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असा क्रम द्यावा लागतो. हा नियम फॉन्टमध्येही हवा आणि अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही. दोहोंपैकी एकाने चूक केली, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो किंवा मध्ये हलन्ताचा पाय मोडून पडतो. हिंदी जाणणाऱ्या परदेशी अभियंत्यालाही ही चूक दिसत नाही. ती मराठी वाचणाऱ्यालाच खुपते, आणि त्यानेच ती रीतसर कळवावी लागते.

पुढे ‘ॲ’. आपण बॅट, कॅमेरा लिहितो तसा ‘ॲप’, ‘ॲसिड’ लिहिताना ‘अ’वर चंद्र देतो. हिंदीत त्या जागी ‘ऍ’ चाले, म्हणून युनिकोडमध्ये आधी तेच होतं. मराठीसाठी ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. म्हणजे २००४ सालच्या कुठल्याही फॉन्टमध्ये हे अक्षर त्या क्रमांकावर असणं शक्यच नव्हतं. कुणीतरी बसून ते काढायचं, जुन्या पद्धतीने जोडलेलं ‘अ‍ॅ’ही बिघडू द्यायचं नाही, कीबोर्डवर जागा द्यायची. पाठोपाठ २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठीची प्रमाण वर्णमाला जाहीर केली. तिच्यात देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही मराठी वळणं ठरवून दिली. हिंदी आणि मराठी या दोन्हींसाठी एकच फॉन्ट असेल, तर भाषा ओळखून अक्षराचं रूप बदलण्याची सोय त्यात हवी. २०१० मध्ये ₹ हे चिन्ह ठरलं. ते रेखाटणारे उदयकुमार मुंबई आयआयटीचेच. सरकारने जुलैत ते स्वीकारलं, ऑक्टोबरात युनिकोडने क्रमांक दिला, आणि देशातल्या प्रत्येक फॉन्टला पुन्हा हात लावावा लागला.

फॉन्ट एकदा काढला की झालं, असं नाही, हे यावरून कळतं. गावात विहीर खणायला देणगीदार सापडतो, शिळेवर नावही लागतं, पण दर उन्हाळ्यात गाळ काढायला कुणी पुढे येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचं दुखणं अगदी हेच आहे. नव्या प्रकल्पाला पैसा देणं कंपनीला समजावता येतं. दहा वर्षं चालू असलेल्या कामाला अकराव्या वर्षी पैसा का द्यायचा, हे समजावणं सर्वांत कठीण.

अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची कहाणी हेच सांगते. सुरुवातीला लिनक्सवर एका गटाच्या सॉफ्टवेअरचं अक्षरजुळणी यंत्र वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. फायरफॉक्समध्ये एक मराठी दिसे, लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याने हार्फबझ हे एकच यंत्र सगळ्यांसाठी नव्याने लिहिलं. आधी रेड हॅटच्या पगारावर, मग गूगलच्या. मोझिलाच्या लोकांनीही हात लावला. २०१२ च्या आसपास भारतीय लिप्यांचा भाग तयार होत असताना त्याने विकिपीडियावरून देवनागरी शब्द गोळा केले, सात लाखांच्या आसपास. ते प्रत्येक शब्दागणिक मायक्रोसॉफ्टच्या यंत्राशी ताडून पाहिले. दर दुरुस्तीनंतर किती शब्द अजून चुकतात याची नोंद तो सगळ्यांना दिसेल अशी ठेवत गेला, आणि चुकणारे शब्द शेवटी शंभराच्याही खाली आले. ज्याने ती चाळण लावली, त्याची मातृभाषा फारसी. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, आणि २०१७ पासून लिबर ऑफिस, सगळीकडे मराठी जोडाक्षरं आज हेच यंत्र जुळवतं. गूगलने त्याला पगार दिला, कारण अँड्रॉइड आणि क्रोम भारतातल्या कोट्यवधी लोकांच्या हाती पोचायचे होते. हेतू धंद्याचा होता. पण परवाना मुक्त असल्यामुळे त्याचं फळ गूगलच्या प्रतिस्पर्ध्यालाही मिळालं आणि तुम्हाआम्हालाही.

परवान्याचा हा भाग वकिलांशी लढावा लागतो, याची फारशी कल्पना कुणाला नसते. जीपीएल हा परवाना सॉफ्टवेअरसाठी लिहिलेला. फॉन्ट मात्र पीडीएफमध्ये आत जाऊन बसतो. मग तो दस्तऐवजही जीपीएलखाली आला का? अपवादाचं एक कलम जोडून हा प्रश्न सोडवत, तरी कंपन्यांच्या विधी विभागांची शंका फिटत नसे. एसआयएल या संस्थेने खास फॉन्टसाठी ओपन फॉन्ट लायसन्स तयार केलं: फॉन्ट कुठेही वापरा, बदला, दस्तऐवजात घाला, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका. २०११ मध्ये लोहित या परवान्यावर आला. गूगलचे नोटो फॉन्टही २०१५ मध्ये याच परवान्यावर आले. कंपन्यांना पैसे द्यायला लावायचं तर आधी त्यांच्या वकिलाची झोप उडता कामा नये, हा धडा या क्षेत्रातल्या लोकांना इथे मिळाला.

२०१४ नंतर गूगल फॉन्ट्सने भारतीय रेखाटनकारांना मोबदला देऊन मुक्त फॉन्ट करून घेतले. मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट त्यातलाच. गिरीश दलवी आणि यशोदीप घोलप यांनी तो केला आणि सात वजनांत, म्हणजे जाडींत, उपलब्ध करून दिला. याच गटाचा सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा मोदक, मग बलू. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. आज सरकारी फलकापासून स्टार्टअपच्या जाहिरातीपर्यंत हे फॉन्ट दिसतात. पूर्वी देवनागरीत चांगलं अक्षर काढणाऱ्याला एक तर सरकारी संस्थेत नोकरी किंवा फॉन्ट कंपनीत, एवढेच मार्ग होते. मुक्त फॉन्ट करूनही रेखाटनकाराला योग्य पैसे मिळतात, हे या काळात सिद्ध झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत आशादायक भाग आहे.

याच सुमारास, एप्रिल २०१४ मध्ये, जगभरच्या कंपन्यांना वेगळ्या रीतीने जाग आली. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर बँकेच्या संकेतस्थळापासून ईमेलपर्यंत सगळ्यांचा व्यवहार गुप्त ठेवतं. त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. तपासात समोर आलं, की ज्याच्यावर अब्जावधींचा व्यापार चालतो त्या प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळत होती सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. लिनक्स फाउंडेशनचे जिम झेमलिन यांनी कंपन्यांना फोन लावले. काही आठवड्यांतच गूगल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, इंटेल, फेसबुक अशा डझनभर कंपन्यांनी दर वर्षी किमान एक लाख डॉलर, तीन वर्षं, असं वचन दिलं. एकूण ३९ लाख डॉलर जमले. संकटाने जे काही आठवड्यांत पटवून दिलं, ते शांत काळात पटवायला दहा वर्षं लागली असती. पण संकटावर विसंबणं बरं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या छोट्या साधनात कुणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट पेरल्याचं उघड झालं, तेव्हाही त्याची देखभाल एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होती. मधली दहा वर्षं सरूनही.

भारतात ही जाग आली ती धंद्याच्याच मार्गाने. मुंबईचे रुषभ मेहता यांनी घरच्या व्यवसायासाठी ईआरपी, म्हणजे धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, लिहायला घेतलं. त्यातून ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आणि फ्रॅपे ही कंपनी उभी राहिली. सॉफ्टवेअर उघडं ठेवूनही कंपनी चालते, हे महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण. २०२० मध्ये फ्रॅपे आणि बंगळुरूच्या झेरोधाच्या पाठबळावर फॉस युनायटेड ही संस्था निघाली आणि शहराशहरांत तिच्या बैठका होऊ लागल्या. झेरोधा ही शेअर दलाली करणारी कंपनी. तिची सगळी यंत्रणा मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे, हे तिचे तंत्रप्रमुख कैलाश नाध सतत सांगत आले. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिने फ्लॉस फंड जाहीर केला: दर वर्षी १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १०,००० पासून एक लाख डॉलरपर्यंत. सोबत एक साधी युक्तीही आली. प्रकल्पाने आपल्याला किती पैसे हवेत, कशासाठी हवेत, कुठे पाठवायचे, हे ठरावीक स्वरूपाच्या एका फाइलमध्ये लिहून जाहीर ठेवायचं, म्हणजे कुठल्याही कंपनीला ते शोधता येईल. मागणाऱ्याने संकोचून दारात उभं राहायचं, ही रीत यामुळे मोडते. आपलं अंदाजपत्रक चारचौघांत मांडणं हे स्वाभिमानाचं काम आहे.

आता मराठीचं आपलं काम. कंपन्यांचा पैसा जिथे आपोआप पोचला नाही, अशी एक जागा मोडी लिपी आहे. ही लिपी युनिकोडमध्ये आली जून २०१४ मध्ये. तिचा प्रस्ताव लिहिला अंशुमान पांडे यांनी, बर्कली विद्यापीठातल्या लिपी-प्रकल्पाच्या साहाय्याने. त्या प्रकल्पाला अमेरिकेच्या सरकारी मानव्यविद्या निधीतून पैसा मिळे, गूगलकडूनही मिळे. मोडीचा मुक्त फॉन्ट, नोटो सान्स मोडी, तोही गूगलच्या खर्चाने झाला. म्हणजे पेशवे दफ्तर ज्या लिपीत लिहिलं, तिच्या अक्षरांना संगणकात जागा मिळवून देण्याचा खर्च सातासमुद्रापार उचलला गेला.

फॉन्ट झाला तरी जुने कागद वाचून देणारं सॉफ्टवेअर सर्वांना मोकळेपणाने वापरता येईल असं अजून पुरतं उभं राहायचं आहे, आणि त्याची गरज किती तातडीची आहे हे २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती आरक्षणाच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा तहसील कार्यालयांत जुन्या मोडी दप्तरांचे गठ्ठे सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांचा तुटवडा भासला. एका कुटुंबाच्या शिक्षणाचा, नोकरीचा प्रश्न चार ओळींच्या मोडी नोंदीवर अडला होता. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी आहेत, त्यांतली जुनी पानं मोडीतच. हा आपल्या लोकांचा इतिहास आहे. तो वाचणारं सॉफ्टवेअर एका कंपनीच्या कुलपात जाता कामा नये. लॉकच्या दिवसांत आपण तो अनुभव घेतलेला आहे.

यासाठी कंपन्यांकडे जायचं, तर या इतिहासात जे चाललं तेच करावं लागेल: त्यांच्या हिशेबात बसेल अशी मागणी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा किमान पाच कोटी, किंवा उलाढाल किमान हजार कोटी, किंवा नक्त मूल्य किमान पाचशे कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. नाशिक परिसरात सातपूर, अंबड, सिन्नर इथे कारखाने असलेल्या अनेक कंपन्या या कक्षेत येतात. खर्चाच्या मान्य विषयांच्या यादीत सॉफ्टवेअर हा शब्द नाही, पण राष्ट्रीय वारसा आणि संस्कृतीचं जतन आहे, शिक्षण आहे. मोडी दप्तरं वाचणारं मुक्त सॉफ्टवेअर आणि त्यासाठी पानांची छायाचित्रं व लिप्यंतरं जमवणं, या दोन्हींचा प्रस्ताव त्यात मांडता येतो. पैसा घेणारी संस्था नोंदणीकृत हवी आणि तिने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरलेला हवा.

आणि एक तरतूद नीट वाचावी. २०२१ च्या दुरुस्तीने ‘चालू प्रकल्प’ मान्य केले: सुरू झाल्याचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत पैसा देत राहता येतो. म्हणजे पहिल्या वर्षी सॉफ्टवेअर बनवायचं आणि पुढची तीन वर्षं त्यातल्या चुका दुरुस्त करायला दोन माणसांचा पगार, असं अंदाजपत्रक कायद्यात बसतं. प्रस्तावात हे देखभालीचं कलम पहिल्याच पानावर घालावं, शेवटच्या परिच्छेदात नाही. कंपनीच्या समितीपुढे तो डिसेंबरच्या आत पोचवावा, कारण मार्चपर्यंत बहुतेक कंपन्यांची रक्कम वाटून झालेली असते.